पान सातवरचं हसू

अन्याय झाला तो दिघाशीच्या जानू भोईर यांच्यावर. केव्हा, तर १९९२च्या चैत्रात, ईदनंतरच्या पहिल्या शुक्रवारी, दुपारी साडेचारच्या सुमारास. भिवंडीत, वंजारपट्टीच्या अलीकडच्या मोकळ्या मैदानात, चारशे-पाचशे माणसांच्या देखत. कोणी केला? पत्रकात या जागी आम्ही मालकाचं नाव टाकत आलो. आज तिथे माझं टाकते आहे. मालकाचा हिशेब वेगळा आहे, तोही सांगेन. पण त्या दुपारी जे झालं ते मी कागदावर लिहून दिलं होतं, पान सातवर, माझ्या अक्षरात.

पत्रक लिहायला मला कामगारांच्या समितीत शिकवलं ते असंच. पहिल्या ओळीत कोणावर, केव्हा, कोणी. वाचणारा माणूस धामणकर नाक्यावर रिक्षेची वाट बघत उभा असतो, रिक्षा यायच्या आत त्याला कळलं पाहिजे. मी सहा वर्षं शेकडो पत्रकं लिहिली आणि हे एक लिहिलं नाही.

यंदा लिहायला बसले त्याला कारण गोणपाट. चैत्र लागला की आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमागांच्या, आमच्या भाषेत लूमच्या, शेडच्या खिडक्यांवर ओली गोणपाटं चढतात. उन्हाळ्यात हवा कोरडी पडते, सूत कोरडं पडतं, तार सारखी तुटते. म्हणून फरशीवर पाणी मारायचं, खिडकीला ओलं गोणपाट लावायचं. त्या ओल्या तागाचा, खळीचा आणि मशीनच्या तेलाचा मिळून एक वास येतो. तो वास आणि नाक्यावरच्या बायकांच्या पाट्यांतले ताडगोळे एकाच आठवड्यात येतात. इतरांना त्यात उन्हाळा दिसतो. मला मैदानातली एक पहिली रांग दिसते, आणि तिच्यात मधोमध एक लाकडी खुर्ची.

लूमचा आवाज बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. माझ्या टेबलावरच्या ग्लासातलं पाणी दिवसभर थरथरतं, आणि मी शेडपासून दोन भिंती पलीकडे राहते. आत माणसं बारा-बारा तासांची शिफ्ट करतात. आत कोणी बोलत नाही, म्हणजे आवाज काढून बोलत नाही. ओठ मोठे उघडायचे, शब्द चघळल्यासारखा सावकाश दाखवायचा, जोडीला हात. सुताची कांडी संपली, चहा आला, शेठ येतोय, तुझी बायको बरी आहे का, सगळं ओठांवर. नवा कारागीर पंधरा दिवसांत शिकतो. वीस वर्षं झालेल्याला मग दुसरं काही उरत नाही, कारण तोवर कान गेलेले असतात.

जानूकाकांचे गेले होते. अठ्ठावीस वर्षं लूमवर. वय पन्नाशीचं, अंगानं काटकुळे, भुवयांवर कायम सुताची पांढरी रुई. ओठ मात्र असे वाचायचे की शेडच्या त्या टोकाला कोणी शेठला शिवी घातली तर ते या टोकाला मान हलवायचे. त्यांच्या शेजारच्या लूमवर गनीभाई. अब्दुल गनी, इथल्याच कोकणी मुसलमान घरातला, तेव्हा तिशीचा. त्याला लूम शिकवलं जानूकाकांनीच. आणि गनीभाई म्हणजे नक्कल. शेठची चाल, लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरचं खोकणं, बिल मागायला येणाऱ्या वीज-खात्याच्या माणसाचं नाक; सगळं आवाजाशिवाय, दोन लूमच्या मधल्या बोळात, धोट्याच्या तालावर. अख्खी शेड हसायची आणि हसण्याचासुद्धा आवाज कोणाला यायचा नाही.

त्या वर्षी माघात सूत गुंडाळलेला जड बीम उचलताना मागून कोणी ओरडलं. जानूकाकांना ऐकू गेलं नाही. बीम खांद्याला घासून गेला. हाड वाचलं. शेठ म्हणाला, "कान नाही तर काम नाही. घरी बसा." अठ्ठावीस वर्षांचा हा निरोप. आमची मागणी साधी होती: त्यांना घडीवर घ्या. कापडाचा तागा उलगडायचा, दोष बघायचा, घडी घालायची. त्याला कान लागत नाहीत, डोळे लागतात, आणि त्यांच्याएवढे डोळे शेडमध्ये कोणाचे नव्हते. आणि दुसरं, कागदावर लिहा की कान लूमनं गेले. वैशाखात ठाण्याला कामगार कचेरीत सुनावणी लागली. माणसं जमवायची म्हणून आम्ही पथनाट्य बसवायला घेतलं. लिहिणारी मी. बावीस वर्षांची, शाळामास्तरांची मुलगी, हातात सायक्लोस्टाइलची शाई.

मी काय लिहिलं होतं ते आजही पाठ आहे, कारण ते सगळं पत्रकच होतं. शोषण, दडपशाही, निषेध. तालमीला शुक्रवारी लूम बंद असताना लोक यायचे आणि दहाव्या मिनिटाला बिडी ओढायला बाहेर जायचे. गनीभाईनं तीन तालमी सोसल्या. चौथ्या तालमीत म्हणाला, "ताई, ये तो नोटीस है. नोटीस पे कौन हसेगा?"

"मग काय करायचं?"

"थांबायचं. कांडी संपली की लूम थांबतं ना, तेव्हा सगळे मान वर करून बघतात. तसं थांबायचं. तुम्ही थांबतच नाही, एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. माणसाला हसायला जागा तर द्या."

विनोदाबद्दल मला जे येतं ते त्या फाल्गुनातल्या चार-पाच शुक्रवारी त्यानं शिकवलं. पहिल्या हशावर जाऊ नका, तो ओळखीच्या लोकांचा असतो. दुसरा आला तर खरं. शेवटच्या रांगेतल्या, अंगावर मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईला दिसेल एवढं हलवा, तिच्यापुढचे आपोआप हसतील. स्वतः हसू नका, तुम्ही हसलात की तिचं काम संपलं. आणि एकदा, रोजा सोडल्यावर चहाचा ग्लास दोन बोटांत फिरवत: "शेठची नक्कल करणं सोपं असतं ताई, तो बघायला कुठे येतो?"

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. कळलं नाही. नुसतं लिहून घेतलं.

पान सात कसं झालं ते सांगते. तालीम संपून सगळे बसले होते. कोणीतरी काहीतरी बोललं, सगळे हसले. गनीभाई हसला नाही. मान किंचित डावीकडे कलती केली, डोळे बारीक करून एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर, एक क्षण उशिरा, तोंड उघडून मोठ्यानं हसला. "हॅ!" एकदाच. कोणाला सांगावं लागलं नाही. जानूकाका! हुबेहूब जानूकाका. माणसं जमिनीवर लोळली. कारण तसंच होतं ते. काकांना विनोद ऐकू जायचा नाही, सगळे हसले की मग ते हसायचे, नेहमी एक क्षण उशिरा, नेहमी एवढ्या मोठ्यानं. आम्हाला त्यात प्रेम वाटत होतं. शपथेवर सांगते, प्रेमच वाटत होतं.

मी त्याच संध्याकाळी प्रवेश लिहिला. शेठ विनोद सांगतो, मुनीम हसतो, जॉबर हसतो, आणि बहिरा कारागीर उशिरा हसतो. तीनदा. तिसऱ्यांदा शेठ म्हणतो, "याला काढून टाका, हा उशिरा हसतो." मला ते लिहून स्वतःचा अभिमान वाटला. यात शेठची क्रूरता दिसते, असं मी समितीला पटवूनही दिलं.

गनीभाईनं विचारलं, "काकांना सांगून ठेवू? पुढच्या रांगेत बसवणार ना त्यांना?"

मी म्हणाले, "कशाला? त्यांना कुठे ऐकू जाणार आहे?"

हा माझा गुन्हा. बाकी सगळं याच्या पोटातून आलं. ज्या नाटकात अर्धे संवाद आम्ही मुद्दाम लूमच्या ओठांच्या भाषेत ठेवले होते, त्या नाटकाबद्दल मी हे म्हणाले. त्या मैदानात ती भाषा सगळ्यांत चांगली वाचणारा माणूस कोण होता, हा प्रश्न मला पडला नाही. बहिऱ्या माणसाच्या समोर आपण जसं बोलतो तशी मी बोलले. तो खोलीत नसल्यासारखी.

त्या वर्षी एकाच अमावास्येपाठोपाठ पाडवा आला आणि ईद आली. गुढ्या उतरल्या तोवर शीरखुर्म्याचे डबे गल्लीगल्लीत फिरत होते. हे मी मुद्दाम सांगते. चौऱ्याऐंशीच्या दंग्यानंतर या गावात माणसं कामाला शेजारी उभी राहायची, चहा एका किटलीतला प्यायची, पण एकत्र हसायची जागा उरली नव्हती. हसताना माणूस आधी बाजूला कोण आहे ते बघायचा. आणि त्या शुक्रवारी मैदानात सगळे होते. आळीतल्या बायका एका बाजूला, बुरख्यातल्या दुसऱ्या बाजूला, मध्ये लूमवाले, मागे राहनाळच्या गोदामांतले हमाल. माझे वडीलसुद्धा, छत्री उन्हाला धरून. ऊन कलतं होतं, धूळ होती, आणि पुढच्या रांगेत मधोमध शाळेतून आणलेल्या लाकडी खुर्चीवर जानूकाका. धुतलेला सदरा, गळ्यात समितीनं घातलेला झेंडूचा हार.

पान सात आलं. गनीभाईनं मान कलती केली. आधी लूमवाले फुटले, मग त्यांच्या बायका, मग सगळं मैदान. टोपीवाले आणि टिळेवाले एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होते. मी बाजूला उभी होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आठ वर्षांनी हे गाव हसलं. आणि ते मी लिहिलेल्यावर हसलं. कोणावर हसलं ते मी पाहिलं नाही. इतका आनंद झाला होता की ते विचारायचं राहिलंच.

मैदान हसून थोडं शांत झालं. आणि पुढच्या रांगेतून, एक क्षण उशिरा, मोठ्यानं आवाज आला: "हॅ!"

जानूकाका हसले होते. नेहमीसारखे.

मग जे झालं त्याला मी हशा म्हणत नाही. चारशे-पाचशे माणसं खुर्चीकडे वळली. बोटं खुर्चीकडे गेली. पोरं उभी राहून बघायला लागली. गनीभाई समोर होता, मान तशीच कलती. त्याला ती सरळ करायचं सुचेना. काकांनी आधी मागे वळून लोकांची तोंडं पाहिली, मग पुन्हा गनीभाईची मान पाहिली. मग त्यांनी हात वर नेला आणि स्वतःची मान, हलकेच, सरळ केली. हार गळ्यात तसाच. शेवटपर्यंत बसले. टाळ्याही वाजवल्या, सगळ्यांच्या बरोबरीनं, मुळीच उशीर न करता.

ठाण्याच्या सुनावणीला आम्ही तीसेक माणसं नेली. साहेबानं विचारलं, काय म्हणणं आहे. काका उभे राहिले आणि बोलले, "सायेब, मना..." आवाज मोठा. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो मोठ्यानंच बोलणार. पण नाटकात गनीभाईचा बहिरा कारागीर असाच बोलायला सुरुवात करायचा. मागून कोणाला तरी हसू फुटलं. शेठच्या माणसाला नाही हो, आपल्या माणसाला! मग दुसऱ्याला. दाबून धरलेलं, नाकातून सुटणारं, शाळेत सुटतं तसलं हसू. काकांना ऐकू गेलं नाही. त्यांनी साहेबाचे डोळे मागे गेलेले पाहिले, आणि वळले, आणि आमची तोंडं पाहिली. सगळी, एकेक करून.

"न्हाय," ते म्हणाले. "काय न्हाय."

आणि बसले. साहेबानं लिहिलं, अर्जदाराची तक्रार नाही. शेठला बोट उचलावं लागलं नाही. त्याचं काम आम्ही आमच्या हातानं करून दिलं, आणि त्याआधी महिनाभर तालीम करून. आठवड्यानं काका दिघाशीला निघून गेले.

यानंतर मी काय केलं? नाटक चालू ठेवलं. गनीभाईनं सोडलं, दुसरा नट मिळाला. संहितेच्या प्रती निघाल्या, मालेगावला गेल्या, इचलकरंजीला गेल्या. कार्यकर्त्यांच्या शिबिरात मी "पथनाट्यात विनोद कसा आणावा" यावर बोलायला लागले. थांबा, जागा द्या, शेवटच्या रांगेकडे बघा. गनीभाईचं सगळं सांगितलं, त्याचं एक वाक्य सोडून. शिबिरात कोणीतरी विचारायचंच, दुबळ्या माणसावर विनोद करावा का? मी म्हणायचे, हेतू चांगला हवा. किती सोपं उत्तर. हेतू तर आमचा बर्फीसारखा गोड होता.

या महिन्यात दोन गोष्टी झाल्या. एका संमेलनाचं पत्र आलं, नाटक पुन्हा लावतोय, पाहुण्या म्हणून या, पान सातचा प्रवेश तर हमखास घेतो. ते पत्र हातात घेऊन मी गनीभाईच्या शेडवर गेले. चहाची सुट्टी होती, खिडकीवर गोणपाट ठिबकत होतं. सगळे ओट्यावर बसलेले. नव्या जॉबरवर कोणीतरी काहीतरी बोललं, सगळे हसले. गनीभाई हसला नाही. मान किंचित कलती. डोळे बारीक. आणि एक क्षण उशिरा: "हॅ!"

मला संताप आला. सहा वर्षांनी पुन्हा तेच? मी म्हणाले, "गनीभाई, लाज वाटत नाही?"

तो उजवा कान पुढे करून म्हणाला, "फिरसे बोला ना ताई. या बाजूनं बोला."

तो नक्कल करत नव्हता.

मी दुसऱ्या दिवशी एस.टी.नं दिघाशीला गेले. शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचं चाललं होतं. शेणाचा थर, वर फांद्या, वर पालापाचोळा, वर मातीचा पातळ हात, आणि कडेनं पेटवलेलं. धूर जमिनीलगत सरपटत होता. काका काठीनं राब सारखा करत होते. केस पांढरे, भुवयांवर आता राखेची रुई. मला पाहून काठी टेकवली.

"पत्रकवाली," ते म्हणाले. मोठ्यानं. बांधावरचे बगळे उडाले.

मी ओठ मोठे उघडून, लूमवाल्यांसारखं सांगितलं. पान सात मी लिहिलं होतं. तुम्हाला विचारलं नाही. माझं चुकलं.

"ठावा हाय," ते म्हणाले. "गनी आलता तवाच. रडला पाय धरून. तुलाच येवाला उशीर झाला."

मग राबाकडे बघत बोलत राहिले. "गनी माजी मान बराबर करतो. हसनं पन बराबर. पन येक चुकला त्याचा. तुजा पन. मी उशिरा हसतो ता मना कलत न्हाय म्हून न्हाय. कलतं मना. मी आदी तोंडं बगतो. कोन मनापासून हसतो, कोन शेठला दाखवाया हसतो, कोन भिऊन हसतो. त्या दंग्याच्या साली शेडमंदी तेच बगून कलायचा, कोनाच्या बाजूला उभा रावाचा. मंग हसतो. ह्या घातला असता नाटकात तर लोका जास्त हसली असती. शेठ पन घाबरला असता."

अठ्ठावीस वर्षं अख्ख्या शेडवर नजर ठेवून असलेला माणूस, आणि मी त्याचा खुळा केला. त्याला एकदा विचारलं असतं तर माझ्या हातात सगळ्या नाटकातला सगळ्यात धारदार प्रवेश पडला असता. मालकापुढचं खोटं हसू पकडणारा कारागीर! मी न विचारून माणूस तर दुखावलाच, वर विनोदही भिकार लिहिला. शिबिरातल्या माझ्या पोरापोरींनो, मी तुम्हाला शिकवलेलं सगळं पुसा आणि एवढंच ठेवा: ज्याच्यावर हसू काढणार त्याला आधी बसवा, विचारा, आणि तो सांगेल ते लिहा. त्याच्यासमोर करता येत नसेल तर करूच नका. गनीभाई हेच सांगत होता.

मी गनीभाईच्या कानाचं सांगितलं. काकांनी मान हलवली. "डावा गेला त्याचा. दिवालीला आलता, तवाच वलखला मी." काठीनं एक फांदी आत सरकवली. "माजा सोड. मना आता घडीवर कोन घेतो? पन कागदावर लिवून घे, लूमनं कान जातात. त्याचा दुसरा कान हाय तवर."

अर्ज मी तिथेच बांधावर बसून लिहिला. त्यांनी सही केली. एक अट घातली, सुनावणीला गनी समोर उभा पाहिजे. साहेब काय बोलतो ते त्यानं ओठांवर दाखवायचं, कारण इतक्या लांबून त्याच्याइतकं साफ तोंड कोणाचं नाही. अर्ज ठाण्याला गेला, वैशाखातली तारीख मिळाली, आणि गनीभाई तयार आहे. सहा वर्षांत त्यानं कोणासमोर नकलेसाठी तोंड हलवलेलं नाही, पण तयार आहे.

मी निघताना काकांनी मागून हाक मारली. हाक नव्हेच ती, आरोळी.

"पत्रकवाली! यंदा लोका हसतीन का?"

मी वळले. ओठ उघडले. विचारून सांगते, म्हणाले. उत्तर माझ्याकडे नाही. ते तुमच्याकडे आहे.

म्हणून सांगते. त्या नाटकाची प्रत ज्याच्याकडे असेल त्यानं पान सात आज फाडावं. संमेलनवाल्यांनी, तुम्ही तर आजच. आणि वैशाखातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी नऊच्या एस.टी.नं आमच्याबरोबर ठाण्याला या. मैदानात तेव्हा हसलेले सगळे या. जानूकाका उभे राहतील, मोठ्यानं बोलतील, मध्ये थांबून मागे वळतील. ते आधी तुमची तोंडं बघणार आहेत. या, आणि ती त्यांना दाखवा.